पत्रे उडाल्यावर येता, त्याआधी एकदा या: मराठवाड्यातल्या विमा कंपन्या आणि बँक शाखांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत घराचा विमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांचे शाखाधिकारी,
आणि घरकर्ज देणाऱ्या बँकांचे शाखाधिकारी यांस

स. न. वि. वि.

एप्रिल लागला की जिल्हा पानावर ‘वादळी वाऱ्याने पत्रे उडाले’ ही बातमी ठरलेली. त्यातल्या कोणत्या घराचा विमा होता, हे बातमीत कधी नसतं. ज्यांचा असतो त्यांचा दावा बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर अडतो: छत वाऱ्याने गेलं, की आधीच खिळखिळं झालेलं होतं? तुमचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, हा प्रश्न छत गेल्यावर विचारतो, तेव्हा पुरावा शेजारच्या वावरात पडलेला असतो, नाहीतर भंगारवाल्याच्या टेम्पोत. आमची मागणी साधी आहे. हप्ता घेताना छत बघा, आणि जे दिसलं ते एका कागदावर लिहून त्याची प्रत घरमालकाला द्या.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या शब्दांची पॉलिसी प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ठेवावीच लागते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी साचणं, जमीन खचणं, बाहेरची वस्तू येऊन आदळणं, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं तिच्या मूळ हप्त्यातच येतं. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरातल्या सामानाचं संरक्षणही आपोआप मिळतं. आता यातलं किती घरमालकांना ठाऊक आहे ते तुमच्या काउंटरवर विचारून बघा. आणि काउंटरमागे बसलेल्यांनाही विचारा, कारण ‘पत्र्याच्या घराचा विमा होत नाही’ हे उत्तर आम्ही तिथूनच ऐकतो.

ते उत्तर चूक आहे. ते ‘कच्चं घर’ या शब्दाच्या घोळातून येतं. गृहविम्याच्या व्याख्येत कच्चं बांधकाम म्हणजे ज्याच्या भिंती किंवा छत फळ्यांचं, गवताचं, पाचटाचं, बांबूचं, प्लॅस्टिकचं, कापडाचं, ताडपत्रीचं आहे ते. लोखंडी पत्रा त्या यादीत नाही. गोंधळ होतो तो महसूल खात्याच्या भाषेमुळे. तिथे मातीत बांधलेल्या दगडी भिंतीवरचं पत्र्याचं घर सहज ‘कच्चं’ म्हणून लिहिलं जातं, आणि अंशतः पडझडीची मदतही त्यावरच ठरते: किमान १५ टक्के नुकसान असेल तर पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्याला ४,०००. तलाठ्याचं कच्चं आणि विम्याचं कच्चं हे दोन वेगळे शब्द आहेत. प्रस्ताव अर्ज भरताना तुमचा एजंट पहिला शब्द दुसऱ्याच्या रकान्यात लिहितो आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

रकमेचंही असंच. विम्याची रक्कम म्हणजे चटई क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर. गावात घर खणांत मोजतात, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ वरचं (घराच्या नोंदीच्या उताऱ्यावरचं) क्षेत्रफळ आजोबांच्या काळचं असतं. त्यात मागची पडवी नाही, वर चढवलेली पत्र्याची खोली नाही, सोलर नाही. क्षेत्रफळ आणि तपशील खरे लिहिले असतील तर या पॉलिसीत ‘विमा कमी रकमेचा होता’ म्हणून दाव्याला कात्री लावता येत नाही. त्यामुळे टेप घेऊन घर मोजायला लागणारी वीस मिनिटं घरमालकाच्याही कामाची आणि तुमच्याही.

आता वाऱ्याकडे. पत्रा वाऱ्याने ढकलला जात नाही, वर ओढला जातो. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ३८ किलो भरतो. बांधकामाच्या भारतीय मानकात छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४०. त्या वेगाला हाच आकडा ९३ किलोपर्यंत जातो. वीस बाय तीस फुटांचं घर म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. ताशी ९० च्या झोतात एवढ्या छतावर दोन टनांच्या आसपास ओढ येते, आणि पत्र्यांचं स्वतःचं वजन अडीचशे-तीनशे किलो. वर ठेवलेले वीस दगड या हिशेबात कुठेच बसत नाहीत. सगळ्यात जास्त ओढ पाख्याच्या (छताच्या एका उताराच्या) कडेला, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ असते. ओसरीपुढे दोन-अडीच फूट बाहेर काढलेला पत्रा खालूनही वारा धरतो. दार किंवा खिडकी उघडी पडली की आतला दाब वरच्या ओढीला मिळतो, मग एकेक पत्रा सुटत नाही, अख्खं पाखं अँगलसकट उचललं जातं.

याच मापाच्या दुपाखी घराचा हिशेब मांडतो. बारा फुटी रंगीत पत्रे, प्रत्येक पाख्याला दहा, एकूण वीस. प्रत्येक पाख्याला चार आडवे पाइप. वळचणीच्या आणि आढ्याच्या पाइपावर पत्र्याला पाच-पाच स्क्रू, मधल्या दोनांवर तीन-तीन. पत्र्याला सोळा, एकूण ३२०. बऱ्याच घरांवर याच्या निम्मेही नसतात. स्क्रू फार आवळला तर वायसरचं रबर बाहेर फाकतं, सैल राहिला तर पाणी शिरतं, आणि दोन्हीचा शेवट भोकाभोवतीच्या गंजात होतो. जुन्या नालीदार पत्र्यावर जे-हुक उंचवट्यातून घेतलेले असतात, त्यांचे डांबरी वायसर उन्हाने वाळून तडकतात. पण पत्रे धरून राहिले तरी पाइप भिंतीला कशाने धरलाय हा प्रश्न उरतोच. नऊ इंची भिंतीत अर्धा फूट खोचून वर दोन थर विटा रचल्या म्हणजे पाइप बांधला असं होत नाही. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा, त्यात सोडलेला बोल्ट किंवा वाकवलेली सळई, आणि तिला पाइप जखडलेला, हे हवं.

हे सगळं तुम्हाला सांगण्याचं कारण असं की फाटलेला पत्रा बोलतो, पण फार दिवस नाही. भोक एका दिशेला लांबट ताणलं गेलं असेल आणि कड चकचकीत असेल, तर धातू जोराने फाटलाय. भोकाभोवती तपकिरी कडं असेल आणि कड कागदासारखी पातळ झाली असेल, तर गंजाने आधीच खाल्लंय. बहुतेक छतांवर दोन्ही प्रकारची भोकं सापडतात आणि कोणती किती हे मोजावं लागतं. पावसात ती चकचकीत कड काही दिवसांतच मळते. सर्व्हेअर तिसऱ्या आठवड्यात आला तर त्याला सगळीकडे गंजच दिसणार, आणि तो ‘जीर्ण छत’ असं लिहिणार. विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकात सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, अहवाल १५ दिवसांत आणायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय द्यायचा असं बंधन आहे. पत्र्याच्या छतासाठी त्यातलं पहिलं बंधन सगळ्यात मोलाचं आहे.

आणि जीर्ण असलं तरी काय? पॉलिसी नुकसानीच्या वेळी जी अवस्था होती साधारण त्या अवस्थेपर्यंत दुरुस्ती करून द्यायला बांधील आहे. छत जुनं होतं म्हणून किती खर्च द्यायचा यावर वाद घाला, तो रास्त आहे; पण वादळ झालंच नाही असं त्यातून निघत नाही. सदोष बांधकामाचा अपवाद या पॉलिसीत जमीन खचण्याच्या कलमाला जोडलेला आहे, वादळाच्या कलमाला नाही. नकाराच्या पत्रात तो उचलून वादळाला चिकटवला जातो. वाऱ्याच्या वेगाचंही तसंच. वारा ताशी इतक्याच्या वर असला पाहिजे अशी अट पॉलिसीत कुठे नाही, तरी ‘हवामान केंद्राचा दाखला आणा’ म्हणून माणसाला तालुक्याला पिटाळलं जातं. महसूल मंडळातलं महावेधचं स्वयंचलित हवामान यंत्र आठ-दहा किलोमीटरवर असतं. वळवाचा झोत कधीकधी एका शिवारातून जातो आणि पलीकडच्या गावात पानही हलत नाही. यंत्राची नोंद जोड पुरावा म्हणून घ्या. तिच्यात वारा दिसला नाही म्हणून उन्मळलेला लिंब आणि वाकलेला विजेचा खांब खोटे ठरत नाहीत.

गारपिटीबद्दल आमचा आग्रह शब्दाचा आहे. पॉलिसीच्या यादीत वादळ, चक्रीवादळ, तुफान असे शब्द आहेत. गारपीट वेगळी लिहिलेली नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने जी गारपीट पाहिली, त्यानंतर हा शब्द मराठी माहितीपत्रकात ठळक असायला हवा होता. गार वादळातच पडते आणि ती बाहेरून आदळणारी वस्तूही आहे, म्हणजे दोन कलमांत बसते. तरी शाखेत ‘गारपीट पिकाच्या विम्यात येते’ असं सांगून वाटेला लावलेली माणसं आहेत. सिमेंटच्या पत्र्याला गारेने पाडलेलं भोक ओळखायला सोपं: ताज्या तुटीचा रंग फिकट राखाडी, जुन्या तड्याच्या कडेला काळं शेवाळ आणि धूळ. सौर बंबाच्या काचेच्या नळ्या गारेत पहिल्या जातात. त्या आणि सोलर पॅनल इमारतीचाच भाग धरले जातात, फक्त त्यांची किंमत आधी रकमेत धरलेली हवी.

स्लॅबच्या बाबतीत थोडक्यात, कारण इथे चूक बहुधा घरमालकाची असते. स्लॅब झिरपतो, पोपडे पडतात, सळया गंजून खालचं काँक्रीट सुटतं, हे विम्याचं काम नाही. पन्हाळ तुंबून गच्चीवर चार दिवस पाणी उभं राहिलं, तेही नाही. कोबा किंवा चायना चिप्स उखडून नव्याने करण्याचा खर्च कोणतीही कंपनी देणार नाही, आणि एजंटने ‘गळतीपण बसते’ असं सांगितलं असेल तर त्याच्याकडून ते लिहून घ्यावं. मात्र आधी वाऱ्याने पाखं उघडलं आणि मग त्यातून आलेल्या पावसाने धान्य, कपाट, टीव्ही भिजला, तर क्रम वेगळा आहे आणि सामानाचा दावा उभा राहतो. हा क्रम दावा अर्जात पहिल्याच ओळीत यायला हवा. ‘पावसाचे पाणी घरात आल्याने नुकसान’ असं लिहिलेला अर्ज स्वतःच्या हाताने स्वतःचा दावा बुडवतो.

माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे थर घातलेल्या सपाट छताचं, दुखणं सगळ्यात खोल आहे. फूटभर पांढरी माती म्हणजे चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या आसपास वजन. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार-पाच टन. दर पावसाळ्याआधी वर नवा थर पडतो, जुना कोणी काढत नाही, त्यामुळे जाडी वाढत जाते. तुळईचं टोक भिंतीत ओल धरतं, तिथे वाळवी लागते, आणि बाहेरून लाकूड ठणठणीत दिसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात अशाच छतांखाली, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींमध्ये माणसं दबली. तेव्हाच्या भूकंपनकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भूकंपाने माळवद पडलं तर पॉलिसी चालते, त्यात वाद नाही. वाद आहे तो झडीचा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीसारखं आठवडाभर पाणी पडतं, माती पाणी पिते, वजन वाढतं आणि तुळई मोडते. याला ‘पाणी साचणं’ म्हणायचं की ‘हळूहळू झालेली झीज’? एक सर्व्हेअर एक लिहितो, दुसरा दुसरं. तुम्ही माळवदाच्या घराचा हप्ता घेत असाल तर याचं उत्तर हप्ता घेतानाच लेखी द्या. देणार नसाल तर तसंही लिहा. निदान माणूस विम्याच्या भरवशावर त्या खोलीत झोपणार नाही.

बँकांच्या शाखाधिकाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कर्जाच्या वेळी ‘विमा’ म्हणून जी रक्कम कापता, ती अनेकदा कर्जदाराच्या आयुष्याच्या विम्याची असते. कर्जदार मेला तर कर्ज फिटतं, छत उडालं तर काहीच मिळत नाही. घरात सगळे समजतात की घराचा विमा आहे. जिथे खरोखर घराचा असतो तिथे तो कधीकधी कर्जाच्या शिल्लक रकमेएवढाच काढलेला असतो, मूळ पॉलिसी तुमच्या फाइलला आणि कर्जदाराकडे साधी झेरॉक्सही नाही. पत्रे उडाल्यावर तो कोणत्या कंपनीला फोन करणार? प्रत द्या, आणि वरच्या कोपऱ्यात मराठीत लिहा: हा विमा घराचा आहे, की माणसाचा.

आम्ही मागतो तो छताचा कागद कसा असावा? एक पान पुरे. छताचा प्रकार, कोणत्या वर्षी घातलं, पत्र्याची जाडी (०.३५ आणि ०.५० मिलिमीटरमध्ये फार फरक आहे), आडव्या पाइपांतलं अंतर, पाइप भिंतीला कसा धरलाय, एका पत्र्याला किती स्क्रू. चार कोपरे, आढं, वळचण आणि आतून दोन असे आठ फोटो, तारखेसह. गंज दिसला तर तोही लिहा. कुठे आणि किती पत्र्यांवर. एखाद्या छतावर ‘आधी स्क्रू भरा, मग हप्ता घेतो’ असं म्हणालात तरी आमची तक्रार नाही. दोन-तीनशे स्क्रूंच्या खर्चात अख्खं पाखं वाचतं.

हे पत्र घरमालकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. छत गेल्यावर आधी विजेचा मेन स्विच बंद करा, मग फोटो काढा, मग ताडपत्री टाका. ‘सर्व्हेअर येईपर्यंत हात लावू नका’ हा सल्ला ऐकू नका. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीतली तुमचीच जबाबदारी आहे. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दाव्याचा क्रमांक लिहून ठेवा. दावा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. पंचनाम्यात ‘पत्रे उडून अंशतः नुकसान’ एवढ्यावर सही करू नका. किती पत्रे, किती पाइप, कोणती भिंत, हे आकडे घालून घ्या. मिस्त्रीच्या अंदाजपत्रकात नुसतं ‘पत्रे २० नग’ नको. आढ्याची टोपी, स्क्रू, पाइप, वेल्डिंग, मजुरी, वाहतूक हे वेगवेगळं लिहा. राडारोडा हटवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते, ती मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

वीसपैकी सहाच पत्रे गेले तर कंपनी सहाचेच पैसे देते, आणि इथे घरमालक फसतो. जुन्या पत्र्याची नाली आज मिळणाऱ्या पत्र्याशी जुळत नाही. जोडावर नवा पत्रा जुन्यावर बसत नाही, फट राहते आणि पहिल्याच पावसात तिथून धार लागते. अशा वेळी दुकानदाराकडून ‘ही नाली आता मिळत नाही’ असं लेखी घ्या आणि पूर्ण पाख्याची मागणी करा. शाखाधिकाऱ्यांनो, ही मागणी चैनीची समजू नका. न जुळणारे सहा पत्रे बसवून छत पूर्वीच्या अवस्थेत येत नाही.

नकार आला तर तो कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा, सर्व्हे अहवालाची प्रतही मागा. कंपनीकडे तक्रार करून महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षभरात जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देता येतो.

शाखाधिकाऱ्यांकडून आम्हाला मार्चअखेरपर्यंत उत्तर हवं आहे: छताचा कागद सुरू करणार का, गारपीट हा शब्द मराठी पत्रकात छापणार का, आणि झडीने पडलेल्या माळवदाबद्दल तुमच्या कंपनीचं लेखी म्हणणं काय. एप्रिलमध्ये वारं सुटेल.

आपले,
छतांची कामं करणारे, अंदाजपत्रकं लिहिणारे आणि दाव्यांचे कागद भरून देणारे काहीजण
लातूर व धाराशिव जिल्हा

ता. क. उडालेले पत्रे दुसऱ्याच दिवशी भंगारात जातात. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत ते आणि निघालेले स्क्रू गोणीत भरून ठेवा. आणि पत्र्यावरचे दगड आजच खाली घ्या. पत्रा उडतो तेव्हा ते आत झोपलेल्या माणसावर पडतात.